फाइलमधला बदल टिपणाऱ्या फंक्शनांची चाचणी : नोड.जेएसवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. सौदा संपला की मुनीमजी सोयाबीन, तूर, हरभरा यांचे भाव संगणकावर भरत. प्रत्येक मालाची स्वतंत्र फाइल होती आणि तिच्यात क्विंटलच्या भावाचा एक आकडा, एवढाच ऐवज असे. फाइल बदलली की सर्व्हरवरचा प्रोग्राम तो आकडा वाचून दुकानाबाहेरच्या पडद्यावर दाखवत असे. फाइलवर नजर ठेवणारा भाग जेमतेम दहा ओळींचा असल्याने त्याची चाचणी लिहिण्याची मला गरज वाटली नाही. तिसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी पडद्यावर सोयाबीनपुढे शून्य झळकले आणि मालकांचा फोन आला, "काय सायेब, सोयाबीन फुकट वाटायलेत का आमी?"

ते शून्य कुठून आले हे शोधण्यात आणि ते पुन्हा येणार नाही याची खात्री देणारी चाचणी लिहिण्यात पुढचे चार दिवस गेले. हा लेख त्या चार दिवसांतून शिकलेल्या गोष्टींवर उभा आहे. लातूर, नांदेड, परभणी, बीडकडची जी मुले-मुली महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडून नोड.जेएसवर (ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर) काम करू लागली आहेत, ती डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. फंक्शनांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत आणि लहान-मोठ्या अक्षरांचे भान ठेवून लिहावीत, कारण 'वॉचफाइल'मधला 'एफ' मोठा न लिहिल्यामुळे अर्धा तास वाया घालवलेली माणसे मला माहीत आहेत.

कामापुरती ओळख

नोडच्या 'एफएस' मॉड्यूलमध्ये फाइलवर नजर ठेवण्यासाठी मुख्यतः दोन फंक्शने आहेत आणि त्यांची काम करण्याची रीत मुळातच वेगळी आहे. पहिले 'एफएस.वॉच'. ते स्वतः काही तपासत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला "या फोल्डरमध्ये काही हालचाल झाली तर मला कळव" असे सांगून ते स्वस्थ बसते. लिनक्सवर हे काम आयनोटिफाय करते, जे २००५ साली कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.६.१३ या आवृत्तीत आले. मॅकवर फोल्डरसाठी एफएसइव्हेंट्स आणि सुट्या फाइलसाठी केक्यू वापरले जाते, तर विंडोजची स्वतःची वेगळी यंत्रणा आहे. या सर्वांना एकाच छताखाली आणणारी लायब्ररी म्हणजे लिबयूव्ही.

दुसरे 'एफएस.वॉचफाइल'. ते ठरावीक अंतराने फाइलचे आकारमान, बदलाची वेळ इत्यादी तपशील काढून आधीच्या तपशिलांशी ताडून पाहते. हे अंतर आपण सांगितले नाही तर ५००७ मिलिसेकंद, म्हणजे पाच सेकंदांहून किंचित जास्त असते. ज्वारी हुरड्यावर आली की रानात जागलीला जाणारी माणसे दोन प्रकारची असतात: एक माळ्यावर बसून खुट्ट झाले की ओरडणारा, आणि दुसरा दर घटकेला बांधावरून फेरी मारून येणारा. पहिला चटकन सांगतो, पण कधी वाऱ्यालाही ओरडतो. दुसऱ्याला दोन फेऱ्यांच्या मधले काही कळत नाही. दोघांची परीक्षा एकाच रीतीने घेता येत नाही, एवढे येथे लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिली पायरी : साधनांची जुळवाजुळव

वेगळी चाचणी-लायब्ररी बसवण्याची आवश्यकता नाही. नोडमध्येच चाचणीचे मॉड्यूल आहे. ते २०२२ साली १८ व्या आवृत्तीसोबत प्रायोगिक म्हणून आले आणि २०२३ साली २० व्या आवृत्तीत स्थिर झाले. त्यामुळे २० किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी. हे मॉड्यूल आयात करताना 'टेस्ट'च्या आधी 'नोड' आणि विसर्गासारखे दोन ठिपके लावणे सक्तीचे आहे. ते विसरल्यास नोड त्याच नावाचे बाहेरचे पॅकेज शोधू लागते. फाइलच्या नावाचा शेवट 'डॉट टेस्ट डॉट जेएस' असा ठेवला, तर 'नोड' या कमांडला टेस्टचा पर्याय देऊन चालवल्यावर ती आपोआप सापडते.

या मॉड्यूलची एक सवय नवख्यांना अडचणीत आणते. एका चाचणीला किती वेळ द्यायचा याची मर्यादा आपण दिली नाही, तर ती अमर्याद धरली जाते. फाइलची वाट पाहणाऱ्या चाचणीत ती वाट कधीच संपणार नाही अशी शक्यता नेहमीच असते, म्हणून प्रत्येक चाचणीला टाइमआउट स्वतः द्यावा. मी ५००० मिलिसेकंद देतो.

दुसरी पायरी : प्रत्येक चाचणीला तिचे स्वतःचे फोल्डर

प्रकल्पातल्या खऱ्या फोल्डरवर चाचणी कधीही चालवू नये. 'एमकेडीटेम्प' हे फंक्शन आपण दिलेल्या नावापुढे सहा अक्षरे जोडून दर वेळी नवे फोल्डर तयार करते. ते सिस्टिमच्या तात्पुरत्या जागेत करावे. नोड प्रत्येक चाचणी-फाइल स्वतंत्र प्रक्रियेत आणि अनेक फाइली एकाच वेळी चालवते, त्यामुळे दोन चाचण्यांनी एकच फोल्डर वापरले तर एकीने केलेला बदल दुसरीच्या कानावर जातो आणि मग कोणाची चूक कोणाच्या माथी, हे कळेनासे होते. मॅकवर काम करणाऱ्यांनी तयार झालेल्या फोल्डरचा मार्ग 'रिअलपाथ'मधून काढून घ्यावा, कारण तेथे तात्पुरत्या जागेचा मार्ग हा दुसऱ्या मार्गाकडे बोट दाखवणारा दुवा असतो आणि मार्गांची तुलना करताना गफलत होते.

चाचणी संपली की आधी वॉचर (फाइलवर नजर ठेवायला लावलेला पहारेकरी) बंद करावा आणि मगच फोल्डर पुसावे. क्रम उलटा झाल्यास विंडोजवर परवानगी नाकारल्याची एरर येते. ही दोन्ही कामे चाचणीच्या शेवटच्या ओळीत लिहिणे चुकीचे आहे, कारण मध्येच तपासणी फसली तर ती ओळ येतच नाही. ती चाचणीच्या 'आफ्टर' या हुकमध्ये (चाचणीनंतर आपोआप चालणाऱ्या भागात) लिहावीत, म्हणजे चाचणी पास होवो वा नापास, ती होतातच.

तिसरी पायरी : तपासणी लिहिण्याआधी नुसते पाहा

या पायरीवर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण बहुतेक जण ती गाळतात. आपल्या मनात एक चित्र असते की फाइल एकदा बदलली म्हणजे कॉलबॅक (बातमी आल्यावर नोड बोलावते ते आपले फंक्शन) एकदा येईल. प्रत्यक्षात काय येते ते आधी डोळ्यांनी पाहावे. एका रिकाम्या फोल्डरवर 'एफएस.वॉच' लावून, आलेला इव्हेंट (बातमीचा प्रकार) आणि फाइलचे नाव छापणारी तीन ओळींची स्क्रिप्ट चालू ठेवावी आणि दुसऱ्या टर्मिनलमधून नवी फाइल करणे, तिच्यात लिहिणे, तिचे नाव बदलणे, तिच्या परवानग्या बदलणे आणि तिला पुसणे ही पाच कामे एकेक करून करावीत.

लिनक्सवर दिसेल ते असे. नवी फाइल तयार झाली की 'रीनेम' येतो, आणि तिच्यात मजकूर पडला की 'चेंज'. कोणीही नाव बदललेले नसताना 'रीनेम' का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. कर्नल अनेक प्रकारच्या बातम्या पाठवते, पण लिबयूव्ही त्या सगळ्या दोनच टोपल्यांत टाकते: मजकूर किंवा परवानग्यांसारखे गुणधर्म बदलले तर 'चेंज', आणि फाइल आली, गेली किंवा हलली तर 'रीनेम'. म्हणून फाइल पुसली तरी 'रीनेम'च येतो, आणि खरोखर नाव बदलले तर जुन्या आणि नव्या नावाचे असे दोन 'रीनेम' येतात. केवळ परवानग्या बदलल्या, मजकुराला हातही लावला नाही, तरी 'चेंज' येतो.

आता आधीपासून असलेल्या फाइलवर 'राइटफाइल' चालवून पाहावे. कधी एक 'चेंज' दिसेल, कधी दोन. यात संगणकाचा लहरीपणा नाही. 'राइटफाइल' आधी फाइल उघडून रिकामी करते, हा एक बदल. मग तिच्यात मजकूर लिहिते, हा दुसरा बदल. या दोन सारख्याच बातम्या लागोपाठ आल्या आणि पहिली अजून वाचली गेली नसेल, तर आयनोटिफाय त्या एकत्र करून टाकते. वाचली गेली असेल, तर दोन वेगळ्या पोहोचतात. म्हणजे संख्या ही त्या क्षणी यंत्र किती व्यग्र होते यावर ठरते. "कॉलबॅक नेमका एकदा आला पाहिजे" अशी तपासणी लिहिणारा माणूस आपल्या कोडची चाचणी घेत नसून त्या क्षणीच्या प्रोसेसरची घेत असतो.

माझे शून्य याच दोन बदलांच्या मधल्या फटीतून आले होते. पहिल्या बातमीवर माझ्या कॉलबॅकने फाइल वाचली तेव्हा ती रिकामी झालेली होती, नवा आकडा अजून पडायचा होता. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराचे अंकात रूपांतर केले तर एरर येत नाही, शून्य येते. पुढे क्षणार्धात दुसरी बातमी येऊन भाव दुरुस्त व्हायला हवा होता. पण एकदा भाव दाखवल्यावर पुढचे काही सेकंद नवी बातमी दुर्लक्षायची, असा शहाणपणा मी आधीच करून ठेवला होता.

याच स्क्रिप्टसमोर व्हिम एडिटरमधून एखादी फाइल साठवून पाहण्यासारखी आहे. ४९१३ नावाची एक फाइल क्षणभर जन्माला येऊन नाहीशी झालेली दिसू शकते. आपल्या फोल्डरमध्ये कोणी शिरले की काय अशी शंका घेऊ नये. या फोल्डरमध्ये नवी फाइल करता येते का हे पाहण्यासाठी व्हिमच ती करून पुसतो. मात्र आपले कोड फोल्डरमधल्या प्रत्येक हालचालीवर धावत सुटत असेल, तर ते या ४९१३ मागेही धावेल, हे टिपून ठेवावे.

चौथी पायरी : पहिली खरी चाचणी

क्रम असा ठेवावा: फोल्डर तयार करणे, फाइल लिहून ठेवणे, वॉचर लावणे, बदल करणे, वाट पाहणे आणि शेवटी परिणाम तपासणे. वॉचर लावण्याच्या आधी बदल झाला तर त्याची बातमी मिळणार नाही, हे उघड आहे. पण मॅकवर याच्या उलटही घडते, म्हणजे वॉचर लावण्याच्या किंचित आधी केलेल्या बदलाची बातमी मागाहून येऊन पोहोचते. त्यामुळे "पहिली आलेली बातमी ती माझ्याच बदलाची" असे गृहीत धरू नये. प्रॉमिसवर (पुढे मिळणाऱ्या उत्तराच्या हमीवर) चालणारे 'वॉच' वापरणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी घ्यावी: नुसते फंक्शन बोलावल्याने पाहणे सुरू झाले असे न मानता, बातम्या एकेक करून घेणारा 'फॉर अवेट'चा फेरा सुरू झाल्यानंतरच बदल करावा.

परिणाम म्हणजे काय, हे आधी ठरवावे. आमच्या बाबतीत परिणाम म्हणजे "पडद्याकडे जाणारा शेवटचा भाव ४८९२ असणे". हा आकडा २०२४-२५ च्या हंगामातला सोयाबीनचा हमीभाव आहे. तो ओळखीचा असल्याने चाचणीतून तो कुठे निसटला तर चटकन डोळ्यांत भरतो. कॉलबॅक किती वेळा आला, 'चेंज' आला की 'रीनेम' आला, हे मी तपासत नाही. शेवटी योग्य भाव दिसतो का, आणि मधल्या काळात एकदाही शून्य दिसले नाही ना, या दोनच गोष्टी तपासतो. दुसऱ्या तपासणीसाठी पडद्याकडे गेलेला प्रत्येक आकडा एका यादीत जमा करावा लागतो.

वाट कशी पाहायची, हा पुढचा प्रश्न. नवखा माणूस 'सेटटाइमआउट'ने शंभर मिलिसेकंद थांबून तपासणी करतो. ते त्याच्या लॅपटॉपवर चालते आणि दुकानातल्या जुन्या संगणकावर फसते. मग तो शंभराचे पाचशे करतो, पाचशेचे दोन हजार करतो आणि चाळीस चाचण्यांचा संच दीड मिनिट रांगू लागतो. त्याऐवजी अट पूर्ण होईपर्यंत वाट पाहणारे एक छोटे फंक्शन लिहावे: दर वीस मिलिसेकंदांनी अट तपासायची, पूर्ण झाली की लगेच पुढे जायचे, आणि तीन सेकंद उलटूनही झाली नाही तर एरर फेकायची. त्या एररमध्ये तोपर्यंत आलेल्या सर्व इव्हेंटांची यादी छापावी. "वेळ संपली" एवढेच सांगणारी एरर आणि "वेळ संपली, आलेले इव्हेंट: रीनेम ४९१३, रीनेम ४९१३" असे सांगणारी एरर यांत अख्ख्या दुपारचा फरक पडतो.

चाचणी हिरवी झाली की लगेच खूश न होता कोडमधली वॉचर लावणारी ओळ तात्पुरती काढून ती पुन्हा चालवावी. ती आता लाल झालीच पाहिजे. न झाल्यास आपली चाचणी काहीच तपासत नाही.

येथे दोन गमतीदार परिस्थिती हमखास भेटतात. चाचणी पास झाली, पण टर्मिनल परत येत नाही, नुसते लुकलुकत राहते: याचा अर्थ कुठला तरी वॉचर उघडा राहिला आहे आणि तो प्रक्रियेला संपू देत नाही. याउलट वॉचर लावताना 'पर्सिस्टंट' हा पर्याय 'फॉल्स' ठेवला असेल, तर नोडला दुसरे काही काम न उरल्याने चाचणी मध्येच आटोपली जाते आणि "प्रॉमिस अजून बाकी आहे, पण इव्हेंट लूप संपला" अशा आशयाचा संदेश येतो. पहिल्यावर उपाय 'आफ्टर'मध्ये वॉचर बंद करणे, दुसऱ्यावर उपाय तो पर्याय चाचणीत न वापरणे.

पाचवी पायरी : काहीच घडू नये, हे कसे तपासावे

४९१३ सारख्या परक्या फाइलमुळे आपले कोड हलू नये, ही चाचणी अवघड आहे, कारण न घडलेल्या गोष्टीची वाट किती वेळ पाहायची? पाच सेकंद थांबून "काही झाले नाही" म्हणावे, तर सहाव्या सेकंदाला ते होऊ शकते. यावर मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे खुणेचा बदल. आधी परकी फाइल लिहावी आणि त्यानंतर लगेच सोयाबीनच्या फाइलमध्ये ४८९२ लिहावे. लिनक्सवर एकाच वॉचरकडे बातम्या घडल्या त्या क्रमाने येतात, म्हणून ४८९२ पडद्यापर्यंत पोहोचला याचा अर्थ परक्या फाइलची बातमी त्याआधीच येऊन गेली होती. त्या क्षणी यादीत ४८९२ व्यतिरिक्त काही नसेल, तर चाचणी पास. विनाकारण थांबणे नाही.

फाइलचे नाव कॉलबॅकमध्ये प्रत्येक वेळी मिळेलच अशी हमी नोड देत नाही, ते रिकामेही येऊ शकते. नाव नसेल तर आपले कोड कोसळता कामा नये, याची एक छोटी चाचणी सातव्या पायरीत सांगितलेल्या नकली वॉचरवर घ्यावी.

सहावी पायरी : फाइल तीच, पण आतून दुसरी

पुष्कळ प्रोग्राम जुनी फाइल बदलत नाहीत. ते शेजारी नवी फाइल लिहितात आणि तिला जुन्या फाइलचे नाव देऊन तिच्या जागी बसवतात. लिनक्स आणि मॅकवर 'एफएस.वॉच' नावावर नव्हे, तर त्या नावामागच्या आयनोडवर (डिस्कवरच्या प्रत्यक्ष फाइलच्या नोंदीवर) नजर ठेवते. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक तसाच राहून जमिनीचा मालक बदलावा आणि आपण मात्र जुन्या मालकाच्या दारात बसून राहावे, तशी त्याची अवस्था होते. फाइल बदलल्याची एखादी शेवटची हाक येते आणि त्यानंतर त्याच नावाच्या फाइलमध्ये कितीही लिहिले तरी वॉचर गप्प असतो.

याची चाचणी मुद्दाम दोन टप्प्यांत लिहावी. आधी फाइल अशा रीतीने बदलावी आणि पहिला नवा भाव येईपर्यंत थांबावे. मग त्याच नावाच्या फाइलमध्ये आणखी एक भाव लिहावा आणि तोही पोहोचतो का ते पाहावे. पहिल्या टप्प्यावर थांबलेली चाचणी फसवी असते, कारण चूक दुसऱ्या टप्प्यात उघडी पडते. सुटी फाइल न पाहता तिचे फोल्डर पाहावे आणि आलेल्या नावावरून गाळणी लावावी, म्हणजे दोन्ही टप्पे पार पडतात.

लिहिणारा प्रोग्राम आपल्याच हातात असेल, तर त्यानेही हीच रीत पाळावी असे माझे मत आहे: आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल लिहायची आणि मग नाव बदलायचे. एकाच फाइल सिस्टिमवर नाव बदलणे अखंडपणे होते, त्यामुळे वाचणाऱ्याला जुनी फाइल तरी दिसते किंवा नवी तरी. अर्धवट कधीच दिसत नाही. मुनीमजींच्या प्रोग्राममध्ये मी शेवटी हाच बदल केला आणि शून्य कायमचे गेले.

सातवी पायरी : डिस्क बाजूला ठेवून तर्क तपासणे

वरच्या चाचण्या खऱ्या डिस्कवर चालतात आणि त्या मोजक्याच असाव्यात. बातमी आल्यावर थोडा वेळ शांतता होऊ देणे, मग फाइल वाचणे, आकडा योग्य नसेल तर जुनाच भाव ठेवणे, हा जो आपला तर्क आहे, त्याला डिस्कची गरज नाही. त्यासाठी आपल्या फंक्शनला वॉचर बाहेरून द्यावा. चाचणीत त्याच्या जागी साधा 'इव्हेंटएमिटर' (नोडमधली बातम्या पाठवणारी वस्तू) द्यावा आणि हवी ती बातमी आपणच पाठवावी. लागोपाठ पाच बातम्या आल्या तर फाइल एकदाच वाचली जाते का, नाव रिकामे आले तर काय होते, वॉचरने एरर दिली तर सर्व्हर टिकतो का, हे सगळे येथे काही मिलिसेकंदांत तपासून होते.

शांततेची वाट पाहणारा टायमरही नकली करता येतो. नोडच्या चाचणी-मॉड्यूलमध्ये टायमर गोठवून घड्याळ हाताने पुढे ढकलण्याची सोय आहे. ती वापरताना एक खड्डा आहे: टायमर गोठवले की चौथ्या पायरीत लिहिलेले वाट पाहण्याचे फंक्शनही गोठते, कारण तेही 'सेटटाइमआउट'वरच चालते. मी पहिल्यांदा या खड्ड्यात पडलो तेव्हा नोडलाच दोष देऊन मोकळा झालो होतो. नकली घड्याळ आणि खरी डिस्क एकाच चाचणीत आणू नयेत.

आठवी पायरी : फेरी मारणाऱ्याची परीक्षा

'वॉचफाइल'ची चाचणी घेताना अंतराचा पर्याय ५० किंवा १०० मिलिसेकंद असा द्यावा. अन्यथा प्रत्येक चाचणी पाच सेकंद खाईल. नकली टायमरचा येथे काहीही उपयोग नाही, कारण ही फेरी जावास्क्रिप्टच्या टायमरवर न चालता लिबयूव्हीच्या आत चालते.

कॉलबॅकला फाइलचे आताचे आणि आधीचे असे दोन तपशील मिळतात. पाहायला सांगितलेली फाइल अस्तित्वातच नसेल, तर कॉलबॅक एकदा येऊन सर्व आकडे शून्य असलेले तपशील देतो; हा बदल नव्हे, म्हणून आपल्या कोडने तो ओळखून सोडून दिला पाहिजे आणि त्यासाठी वेगळी चाचणी असली पाहिजे. मजकूर खरोखर बदलला का हे ठरवताना दोन्ही तपशिलांतली बदलाची वेळ ताडून पाहावी.

बदलाच्या वेळेची बारीकी सगळीकडे सारखी नसते. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ती दोन सेकंदांच्या पटीत नोंदली जाते. त्यामुळे चाचणीत लागोपाठ दोनदा लिहून वेळ पुढे सरकेल अशी आशा करण्यापेक्षा 'यूटाइम्स' या फंक्शनने फाइलची वेळ आपणच दहा सेकंद पुढे करावी.

आणखी एक बारीक गोष्ट. एकाच मार्गावर दोनदा 'वॉचफाइल' लावले तर आत पाहणारा एकच असतो आणि त्याचे अंतर पहिल्या वेळी ठरलेले असते; दुसऱ्या वेळी दिलेले अंतर दुर्लक्षिले जाते. आधीच्या चाचणीने 'अनवॉचफाइल' केले नसेल, तर आपण ५० मिलिसेकंद लिहूनही ५००७ ची वाट पाहत बसतो.

नववी पायरी : दुसऱ्या यंत्रावर

लॅपटॉपवर सर्व हिरवे झाले, तरी जेथे प्रोग्राम खरोखर चालणार आहे तेथे एकदा तरी चाचणी चालवावी. नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरमध्ये दुसऱ्या संगणकाने केलेला बदल आयनोटिफायला कळत नाही. विंडोजमधल्या लिनक्समधून, म्हणजे डब्ल्यूएसएल २ मधून, विंडोजचेच फोल्डर पाहतानाही हाच अनुभव येतो. अशा ठिकाणी 'वॉचफाइल'ला पर्याय नाही. लिनक्सवर 'एफएस.वॉच'चा आतल्या फोल्डरांवरही नजर ठेवणारा 'रिकर्सिव्ह' पर्याय नोडच्या १९.१ या आवृत्तीपासून चालतो, हेही सर्व्हरवरची आवृत्ती जुनी असेल तर पाहून घ्यावे. वॉचरांची मर्यादा संपली की येणाऱ्या एररचा कोड 'ईनोएसपीसी', म्हणजे जागा संपल्याचा असतो; ते वाचून डिस्क साफ करत बसू नये. जुन्या कर्नलवर एका वापरकर्त्यासाठी ही मर्यादा ८१९२ असे, ५.११ पासून ती मेमरीच्या प्रमाणात ठरते. वॉचर उघडे सोडणाऱ्या चाचण्या ती लवकर गाठतात.

आपल्याकडे वीज जाणे ही अपवादात्मक गोष्ट नाही, म्हणून शेवटची चाचणी तिच्यासाठी. सर्व्हर बंद असताना मुनीमजींनी दुसऱ्या संगणकावरून भाव बदलला, तर त्याची बातमी नंतर कधीच येत नाही. प्रोग्राम सुरू होताना फाइल एकदा वाचून घेतलीच पाहिजे, आणि तीही वॉचर लावल्यानंतर. आधी वाचून मग वॉचर लावला तर त्या दोन ओळींच्या मध्ये झालेला बदल हातातून सुटतो. चाचणीत हे तपासण्यासाठी वाचणारे फंक्शन बाहेरून द्यावे, आणि ते पहिल्यांदा बोलावले गेले की जुना भाव परत करण्याआधी त्यानेच फाइलमध्ये ४८९२ लिहून टाकावे. क्रम बरोबर असेल तर पडद्यावर शेवटी ४८९२ येतो. उलटा असेल तर जुना भाव तसाच राहतो आणि तीन सेकंदांनी चाचणी लाल होते. हा संपूर्ण संच एकदा पास झाल्यावर तो शेलच्या लूपमध्ये घालून शंभर वेळा चालवावा, आणि तो चालू असताना शेजारी एखादे जड काम, उदाहरणार्थ मोठी झिप फाइल उघडणे, मुद्दाम सुरू ठेवावे. आमच्या संचातली एक चाचणी त्र्याहत्तराव्या फेरीत फसली होती आणि तिच्यात 'आफ्टर'ऐवजी शेवटच्या ओळीत बंद केलेला वॉचर सापडला.